शिबं नाही, कोड नाही, मग काय? पांढुरक्या चट्ट्यांमागचा त्वचेचा लिम्फोमा कसा ओळखायचा

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते, आणि माझ्या ओपीडीत रोज पाच-सहा जण तरी पांढऱ्या डागांसाठी येतात. बहुतेकांचं साधंच निघतं. लहान मुलांच्या गालावरचे फिकट डाग, ज्यांना घरोघरी "जंत झालेत" नाहीतर "कॅल्शियम कमी पडलंय" म्हणतात (दोन्हीचा काही संबंध नसतो), घामाच्या दिवसांत उठलेली शिबं, कोड, आणि अधूनमधून कुष्ठरोगाचा बधिर चट्टा. पण या गर्दीत कधीतरी एखादा पेशंट असा येतो की चट्टे दिसतात अगदी यांच्यासारखेच आणि आजार असतो त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्याचं नाव हायपोपिग्मेंटेड मायकोसिस फंगॉइडिस. घाबरू नका, हा संथ चालणारा आजार आहे, वेळेत ओळखला तर बहुतेकांचं छान चालतं. अडचण फक्त ओळखण्यातच आहे, लोक वर्षानुवर्षं चुकीच्या ट्यूबा लावत बसतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, पेशंटच्या घरच्यांसाठी आणि आमच्या फॅमिली डॉक्टर मंडळींसाठी पण.

एक पेशंट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तेरा वर्षांची मुलगी, आईने टेबलावर कॅरीबॅग उलटी केली तर सात ट्यूबा निघाल्या, अर्ध्या पिळलेल्या, दोनांचं तर झाकण पण नव्हतं. तीन वर्षांपासून चट्टे, आधी शिबं म्हणून औषध झालं, मग कोड म्हणून. आई एकच विचारत होती, "डॉक्टर, खरं सांगा, कोड आहे का? मुलगी आहे हो." मी त्या दिवशी दंडावरचे दोन चट्टे बघितले, फिकट, किंचित कोंडा असलेले, आणि पिटिरियासिस अल्बा लिहून दिलं. मुलगी लाजत होती, बाहेर रांग होती, मी पूर्ण अंग तपासलंच नाही. दीड महिन्याने परत आल्यावर आईने जाता जाता दारात थांबून हळूच सांगितलं, "बसायच्या जागेवर पण आहेत, आणि मांड्यांवर." पडद्याआड नेऊन बघितलं तर तिथे सतरा चट्टे होते. त्यानंतर मी हा नियमच केला की पांढरा डाग दाखवायला आलेला माणूस पूर्ण तपासल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही मला विचारलीत तर हीच आहे.

आधी नावाचा घोळ

मायकोसिस म्हटलं की बुरशी वाटते, फंगॉइडिस म्हटलं की अजूनच वाटते, आणि रिपोर्ट वाचून लोक मेडिकलवरून बुरशीची ट्यूब आणतात, असं खरंच होतं. याचा बुरशीशी काडीचाही संबंध नाही. १८०६ साली पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमधल्या जाँ-लुई अलिबेर या डॉक्टरांनी एका पेशंटच्या अंगावर अळंब्यांसारख्या गाठी बघितल्या, त्यावरून पुढे हे नाव पडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. खरा आजार असा की टी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची एक टोळी त्वचेत येऊन मुक्काम ठोकते आणि हळूहळू वाढत राहते. नेहमीच्या प्रकारात लालसर खवले असलेले चट्टे येतात आणि तो जास्त करून पन्नाशी-साठीत दिसतो. हायपोपिग्मेंटेड प्रकारात चट्टे लाल न होता फिकट होतात, आणि हा प्रकार सावळ्या-काळ्या त्वचेत आणि तरुण वयात, अगदी शाळकरी मुलांत सुद्धा दिसतो. मुलांमध्ये या आजाराचे जे काही प्रकार दिसतात त्यात हा सगळ्यात पुढे आहे. गोऱ्या कातडीवरच्या फोटोंवर शिकलेल्या डोळ्याला तो पटकन दिसत नाही, आपल्याकडे म्हणूनच जास्त जागं राहायला हवं.

पायरी पहिली: घरी काय बघायचं, काय लिहून ठेवायचं

दवाखान्यात यायच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. चट्टा कधी सुरू झाला, कुठे कुठे आहे, आणि आजवर काय काय लावलं. तिसऱ्याचं उत्तर लोक "क्रीम लावलं" एवढंच देतात, तसं नको, ट्यूबा घेऊनच या, रिकाम्या असल्या तरी, कारण आपल्याकडे मेडिकलवर जी मिक्स ट्यूब सर्रास मिळते तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही असतं, आणि त्यातल्या स्टेरॉइडने लिम्फोमाचा चट्टा काही दिवस दबतो, घरच्यांना वाटतं बरं झालं, ट्यूब थांबली की परत येतो. हे येणं-जाणं हीच एक खूण आहे.

मोबाईलवर फोटो काढा. एकाच खोलीत, दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. महिन्यातून एकदा. मुलांचे असे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, फक्त डॉक्टरांना दाखवा.

कपड्याखालची जागा बघाच. नितंब, मांड्यांचा वरचा भाग, कंबर, पोट, काखेजवळचा भाग, दंडाची आतली बाजू, बायकांमध्ये स्तन. ऊन न लागणाऱ्या जागा या आजाराला आवडतात. वयात आलेली मुलं-मुली या जागा आपणहून दाखवत नाहीत, आईने किंवा मोठ्या बहिणीने नीट समजावून विचारावं.

पायरी दुसरी: हे नेमकं कशासारखं दिसतं आणि कशासारखं नाही

इथे थोडं थांबून वाचा, सगळा खेळ इथेच आहे.

कोड. कोडात रंग पूर्ण जातो, खडूसारखा पांढरा डाग, कड स्पष्ट, पृष्ठभाग अगदी गुळगुळीत, त्यावर कोंडा नाही. जागा पण ठराविक, ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, बोटांची टोकं, कोपर, गुडघे, आणि पुष्कळदा डागावरचे केस पण पांढरे होतात. लिम्फोमाच्या चट्ट्यात रंग कमी होतो पण पूर्ण जात नाही, दुधात थोडा चहा पडल्यासारखा पांढुरका, कड विरत गेलेली, आणि बोटाने ताणून बघितलं तर बारीक कोंडा दिसतो. टॉर्च आडवी धरून बघा, काही चट्ट्यांवर कांद्याच्या सुकलेल्या पातळ सालीसारख्या बारीक सुरकुत्या चमकतात. ती सुरकुती मला दिसली की मी तिथेच थांबते.

शिबं. ही खरी बुरशी, मानेवर, छाती-पाठीवर, घामाच्या दिवसांत, नखाने खरवडलं की कोंडा सुटतो. औषधाने बुरशी दोन-चार आठवड्यांत मरते, रंग भरून यायला मात्र काही महिने लागतात, हे लोकांना कुणी सांगत नाही म्हणून ते परत परत औषध घेत राहतात. पण नवीन चट्टे येतच राहिले, किंवा खरवडून केलेल्या केओएच तपासणीत बुरशी सापडलीच नाही, तर शिबं म्हणून थांबू नका, पुढे शोधा.

पिटिरियासिस अल्बा, म्हणजे मुलांच्या गालावरचे ते फिकट डाग. चेहऱ्यावर, कोरड्या त्वचेच्या मुलांत, उन्हाळ्यात जास्त उठून दिसतात. चेहरा स्वच्छ आणि नितंबांवर चट्टे असं असेल तर अल्बा म्हणायच्या आधी दहादा विचार करायचा, जो मी केला नव्हता.

कुष्ठरोग. महाराष्ट्रात हे विसरून चालतच नाही. फिकट चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस विरळ होतात, कोपराजवळची किंवा गुडघ्यामागची नस जाड लागते. तपासायचं सोपं आहे, डोळे मिटायला सांगा, कापसाच्या टोकाने चट्ट्याला आणि शेजारच्या चांगल्या त्वचेला आलटून पालटून स्पर्श करा, कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. लिम्फोमाच्या चट्ट्यावर स्पर्श शाबूत असतो. पण लक्षात ठेवा, चेहऱ्यावरच्या आणि सुरुवातीच्या कुष्ठाच्या चट्ट्यात पण स्पर्श शाबूत असू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. कुष्ठरोग निघालाच तर सरकारी आरोग्य केंद्रात एमडीटी, म्हणजे कुष्ठावरच्या अनेक औषधांचा एकत्र उपचार, फुकट मिळते, ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स, पूर्ण करायचा. चुकीची बाजू दोन्हीकडे असते, लिम्फोमाला कुष्ठ समजून वर्षभर एमडीटी घेतलेले पेशंट असतात आणि उलटं पण होऊ शकतं.

अजून एक सांगते, तरुण मुलींच्या पाठीवर-पोटावर मधोमध फिकट गोल डाग येतात, कोंडा अजिबात नाही, त्याला प्रोग्रेसिव्ह मॅक्युलर हायपोमेलॅनोसिस म्हणतात, निरुपद्रवी असतं. जन्मापासून एकाच जागी असलेला, अंगाबरोबर वाढणारा फिकट डाग असेल तर तो पण वेगळाच, त्याची काळजी नको.

पायरी तिसरी: अंधाऱ्या खोलीतली दोन मिनिटं

वूड्स लॅम्प नावाचा जांभळा दिवा असतो, स्वस्त असतो, प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाकडे असायला हवा. खोली पूर्ण अंधारी करायची, पडद्याची फट सुद्धा नको, डोळे सरावले की दिवा लावायचा. कोड लख्ख निळसर पांढरं चमकतं, कोरा कागद धरल्यासारखं. शिबं पिवळसर दिसतं. त्या मॅक्युलर हायपोमेलॅनोसिसमध्ये केसांच्या छिद्रांत लाल ठिपके चमकतात, एकदा बघितलं की विसरत नाही. लिम्फोमाचा चट्टा यातलं काहीच करत नाही, नुसता मंद फिकट दिसतो. म्हणजे दिव्याने लिम्फोमा सिद्ध होत नाही, पण "कोड आहे" हे वाक्य खोडता येतं, आणि बरेचदा तेवढंच हवं असतं.

पायरी चौथी: तुकडा कधी काढायचा

माझं मत स्पष्ट आहे. फिकट चट्टे सहा महिन्यांच्या वर टिकलेत, कपड्याखालच्या जागी आहेत, आकार वेगवेगळे आहेत, नेहमीच्या औषधाने हटत नाहीत किंवा हटून परत येतात, तर बायोप्सी. आणि कोड समजून लाईट ट्रीटमेंट चालू करायची असेल आणि डाग कोडासारखा तंतोतंत दिसत नसेल तर आधी बायोप्सी, मग लाईट. कारण नॅरोबँड यूव्हीबीने, म्हणजे याच लाईटने, कोड पण सुधारतं आणि हा लिम्फोमा पण सुधारतो, मग चट्टे भरले की सगळे खूश, निदान कायमचं चुकलेलं, आणि दोन वर्षांनी परत उठले की "कोड उलटलं" म्हणून नव्याने सुरुवात. तसंच एक्झिमा समजून सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आधीच चालू केली तर लिम्फोमा भडकू शकतो, ती चूक परवडणारी नाही.

बायोप्सी म्हटलं की घरच्यांचा चेहरा उतरतो. प्रत्यक्षात काय होतं, तर जागा बधिर करायचं छोटं इंजेक्शन, ते टोचताना दुखतं, नंतर नाही, मग पेन्सिलच्या टोकाएवढ्या गोल ब्लेडने कातडीचा तुकडा, एक किंवा दोन टाके, आठ-दहा दिवसांनी टाके काढायचे. दहा-पंधरा मिनिटांचं काम. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे अजिबात खरं नाही.

डॉक्टर मंडळींसाठी इथे चार गोष्टी जरा आग्रहाने सांगते. स्टेरॉइड क्रीम आणि लाईट दोन ते चार आठवडे बंद ठेवून मगच तुकडा घ्या, नाहीतर पेशी पळून गेलेल्या असतात आणि रिपोर्ट पांचट येतो. पंच, म्हणजे ते गोल ब्लेड, ४ मिलिमीटरपेक्षा लहान नको, ५-६ असला तर उत्तम. एकाच चट्ट्यावर भागवू नका, दोन-तीन वेगवेगळ्या चट्ट्यांतून घ्या, जुना, औषध न लागलेला, त्यातल्या त्यात कोंडा किंवा किंचित लाली असलेला चट्टा निवडा. आणि फॉर्मवर नुसतं "पांढरा डाग" लिहून पाठवू नका. वय, किती वर्षं, कुठे कुठे, आधीचे उपचार, आणि शंका मोठ्या अक्षरात, हायपोपिग्मेंटेड मायकोसिस फंगॉइडिस का, कुष्ठ का. त्याच तुकड्यावर कुष्ठाचे जंतू दाखवणारा फाइट स्टेन नावाचा खास रंग पण मागा. पॅथॉलॉजिस्टला काय शोधायचं ते कळलं नाही तर तो तरी काय सांगणार.

पायरी पाचवी: रिपोर्ट वाचायचा कसा

पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघतो ते असं की लिम्फोसाइट पेशी खालच्या थरातून वर त्वचेच्या बाह्य थरात चढल्यात का, आणि त्याच्या तळाशी ओळीने बसल्यात का, प्रत्येकीच्या भोवती छोटं मोकळं वलय घेऊन, एसटी स्टँडवर रांगेत बसलेल्या माणसांसारख्या. याला एपिडर्मोट्रॉपिझम म्हणतात. साध्या एक्झिमात पण पेशी वर चढतात, पण तिथे सूज म्हणजे स्पॉन्जिओसिस बरीच असते, इथे सूज नसताना पेशी चढलेल्या असतात, ही विसंगतीच महत्त्वाची. पॉट्रिए मायक्रोअ‍ॅब्सेस नावाचे पेशींचे छोटे घोळके दिसले तर शंका पक्की होते, पण दिसले नाहीत म्हणून आजार नाही असं नाही.

पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, सगळे आयएचसी म्हणतात, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून त्या कुठल्या जातीच्या ते ओळखायचं. सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी७, सीडी२० वगैरे. नेहमीच्या मायकोसिस फंगॉइडिसमध्ये बहुतेक पेशी सीडी४ असतात, या फिकट प्रकारात मात्र बरेचदा सीडी८ असतात, आणि सीडी७ हरवलेलं असतं. याच सीडी८ पेशी रंग बनवणाऱ्या पेशींना त्रास देतात म्हणून चट्टा फिकट होतो असं मानलं जातं. इथे एक खड्डा आहे, वाढत्या कोडाच्या कडेला पण सीडी८ पेशी जमतात, स्लाइडवर फसवतात. फरक करायला रंगपेशी दाखवणारा मेलान-ए स्टेन उपयोगी पडतो, कोडात रंगपेशी जवळपास संपलेल्या असतात, लिम्फोमात कमी झालेल्या पण शिल्लक.

टीसीआर जीन रिअरेंजमेंट ही पीसीआर तपासणी सगळ्या पेशी एकाच पेशीची पिल्लावळ आहेत का ते सांगते. खर्चिक आहे, सगळीकडे होत नाही, आणि एकटी कधीच निकाल देत नाही, लिम्फोमा असून निगेटिव्ह येते, साध्या आजारात पॉझिटिव्ह येऊ शकते.

म्हणूनच सुरुवातीच्या आजारासाठी २००५ साली त्वचेच्या लिम्फोमावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय सोसायटीने गुणांची पद्धत काढली. चट्ट्यांच्या दिसण्याला जास्तीत जास्त २, स्लाइडला २, आयएचसीला १, टीसीआरला १, आणि एकूण ४ झाले की निदान. दिसण्याचे दोन गुण कसे मिळतात बघा, चट्टे टिकून किंवा वाढत राहणारे हवेत, शिवाय ऊन न लागणारी जागा, वेगवेगळे आकार, किंवा रंग बदलून पातळ झालेली त्वचा यातलं काही दोन. म्हणजे लागणाऱ्या चारपैकी निम्मे गुण कपडे बाजूला करून नीट बघण्यातच आहेत.

रिपोर्टवर "नॉन-स्पेसिफिक डर्मटायटिस" आलं तर हुश्श करून फाईल बंद करू नका. पहिल्या तुकड्यात निदान न होणं या आजारात नेहमीचं आहे. चट्टे तसेच असतील तर तीन ते सहा महिन्यांनी परत तुकडा. माझ्या त्या मुलीचं निदान दुसऱ्या खेपेला झालं, पहिल्या रिपोर्टला आई म्हणाली होती, "काही नाही निघालं ना, मग परत कशाला कापायचं?" तिला समजावायला अर्धा तास गेला.

आणि लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तुमचा तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, तो ब्लॉक म्हणजे सोनं. दुसरं मत घ्यायचं तर तोच लागतो, नाहीतर परत कापावं लागतं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्लाइड आणि ब्लॉक तपासून मत मिळतं, मोठ्या मेडिकल कॉलेजांच्या स्किन विभागात पण विचारा. लिम्फोमाचा रिपोर्ट आला की दुसरं मत घ्याच, आणि त्यात कुठल्याही डॉक्टरने वाईट वाटून घेऊ नये.

पायरी सहावी: निदान झाल्यावर

आता किती पसरलाय ते मोजायचं. पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. सगळे चट्टे मिळून १० टक्क्यांच्या आत आणि गाठी-रक्त ठीक, तर स्टेज १ए, १० किंवा जास्त तर १बी. मान, काख, जांघेतल्या गाठी हाताने तपासायच्या, दीड सेंटिमीटरच्या वर असतील तर पुढची तपासणी. रक्ताचा सीबीसी, एलडीएच, गरज वाटली तर रक्तात त्या पेशी आहेत का. चट्टे थोडे आणि सपाट असतील तर लगेच पेट स्कॅनच्या मागे लागायची गरज नसते, पैसे आणि झोप दोन्ही वाचवा.

बहुतेक पेशंट याच सुरुवातीच्या स्टेजला असतात आणि आजार वर्षानुवर्षं त्वचेपुरताच राहतो. केमोची सलाईन लागत नाही. नॅरोबँड यूव्हीबी आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने, थोड्या चट्ट्यांना डॉक्टरांच्या देखरेखीत स्टेरॉइड मलम. रंग भरून येणं म्हणजे उपचार लागू पडतोय. बंद केल्यावर परत उठू शकतो, परत उपचार करता येतात. संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा, मुलांना शाळेत पाठवा.

चट्टा जाड होऊ लागला, गाठ आली, जखम झाली, सगळं अंग लाल होऊन खाजायला लागलं, किंवा मानेत-काखेत गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात या.

त्या मुलीच्या आईला मी शेवटी एका कागदावर माणसाची पुढून-मागून अशी दोन चित्रं काढून दिली, दर तीन महिन्यांनी चट्टे जिथे आहेत तिथे तिने पेनाने गोल करून आणायचे. पहिल्या कागदावर एकोणीस गोल होते. आता लाईटचे सात महिने झालेत, मागच्या वेळी तिने आणलेल्या कागदावर चार होते, आणि खाली तारखेसोबत तिने स्वतःच्या अक्षरात ब्लॉक नंबर लिहून ठेवला होता.